जहाजाचे चलन वेगळे, बंदराचे वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत ठळकपणे दिसू लागतात. पेनांग, फुकेत, पोर्ट क्लांग ही बंदरे, बाल्कनीची केबिन, जैन जेवणाची सोय, सगळे त्यात असते. जहाजावरचे बिल कोणत्या चलनात होणार, हे मात्र क्वचितच छापलेले असते. पैशाच्या दृष्टीने या सहलीतली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे, आणि ती शेवटच्या रात्री बिल हातात पडल्यावर कळून उपयोग नसतो.

जहाज सिंगापूरहून सुटते म्हणून त्यावर सिंगापूर डॉलरच चालतो, असे नाही. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये होतो, तर त्याच शहरातून निघणाऱ्या जेंटिंग ड्रीम या जहाजावर सिंगापूर डॉलरमध्ये. मुंबई-गोवा फेरी कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या जहाजाने केलेल्यांना जहाजावर रुपयांत बिल पाहण्याची सवय झालेली असते. परदेशी जहाजावर ते गृहीत धरू नये. म्हणजे चार रात्रींत सिंगापूर डॉलर, अमेरिकी डॉलर, मलेशियाचा रिंगिट आणि थायलंडचा बाट अशी चार चलने हाताळावी लागू शकतात. लोक निघण्यापूर्वी दहा ठिकाणी फोन करून डॉलरमागे वीस पैसे वाचवतात, ते चांगलेच. पण खरा पैसा जातो तो एका चलनाचे दुसरे चलन होताना प्रवाशाला दिसतच नाही अशा जागी. त्या जागा कोणत्या आणि तिथे काय करावे, हे नेमके लिहिणे गरजेचे वाटते.

सुरुवात जहाजावरच्या खात्यापासून. चढताना प्रत्येकाला एक कार्ड किंवा मनगटी पट्टी मिळते. तीच केबिनची किल्ली आणि तीच किराणा दुकानातली उधारीची वही. पेये, खास रेस्टॉरंट, फोटो, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, सगळे तिच्यावर चढते. दुकानात किंवा बारमध्ये रोख घेत नाहीत. हे खाते दोन प्रकारे उघडता येते. एकतर बँकेचे कार्ड जोडायचे, नाहीतर स्वागतकक्षात रोख अनामत ठेवायची. कार्ड जोडले की जहाज त्यावर काही रक्कम राखून ठेवते, ज्याला बँकवाले होल्ड म्हणतात. खर्च तिच्यापुढे गेला की आणखी रक्कम राखली जाते. क्रेडिट कार्डावर याचा परिणाम एवढाच, की मर्यादा काही दिवस कमी दिसते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर (ज्यात परकीय चलन आधीच भरून ठेवतात) मात्र खरे पैसे अडकतात. शेवटचे बिल बरेचदा स्वतंत्र नोंद म्हणून वसूल होते आणि आधी राखलेली रक्कम बँक सावकाश सोडते. त्याला आठवडा-दहा दिवस सहज लागतात, कधी महिनाही. समजा फॉरेक्स कार्डावर ८०० डॉलर आहेत. जहाजाने ३०० राखले आणि बिलही ३०० चे झाले, तर उतरताना कार्डावर वापरण्याजोगे २०० च उरतात. त्यानंतर सिंगापुरात दोन रात्री काढायच्या असतील तर तिथले हॉटेलही आपले वेगळे होल्ड लावते. कार्डात पैसे असून बिल भरता येत नाही, अशी अवस्था कुटुंबांवर येते ती इथे.

म्हणून जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडावे. मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, वाचवायचा असेल तर शेवटच्या संध्याकाळी, हिशेब बंद होण्यापूर्वी, स्वागतकक्षात जाऊन बिलाची रक्कम फॉरेक्स कार्डाने किंवा रोखीने भरता येते. मग क्रेडिट कार्डावरचे होल्ड वसूल न होता आपोआप सुटते. हे काम जेवणानंतर करू नये. शेवटच्या रात्री दहा वाजता त्या कक्षासमोर लांब रांग असते. दुपारी चार-पाच वाजता गेलात तर दहा मिनिटांत होते. आदल्या दिवशी बिलाची प्रत ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर पाहून ठेवावी. दुसऱ्या केबिनचे पेय आपल्या नावावर चढणे, रद्द केलेली सहल बिलात राहणे, असे घोळ होतात. ते जहाजावर असताना पाच मिनिटांत निस्तरतात, घरी परतल्यावर ईमेलने निस्तरायला महिना जातो. मुलांच्या कार्डावर खर्चाची परवानगी बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगावे. व्हिडिओ गेमच्या दालनात एका दुपारी पन्नास डॉलर उडणे मुळीच अवघड नाही.

आता टिप. बहुतेक मोठ्या जहाजांवर ती ऐच्छिक पाकीट म्हणून राहिलेली नाही, माणशी दररोज ठरलेली रक्कम खात्यावर आपोआप चढते. लहान मुलांचीही बरेचदा तेवढीच. दर कंपनीनुसार वेगळा, पण हिशेबासाठी १८ डॉलर धरू. चौघांचे कुटुंब, चार रात्री: ४ गुणिले ४ गुणिले १८, म्हणजे २८८ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर २५,९२० रुपये. सहल कंपनीच्या पत्रकात 'ग्रॅच्युइटी (म्हणजे हीच टिप) समाविष्ट नाही' ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते आणि एवढी रक्कम कुणी बाजूला काढलेली नसते. शिवाय प्रत्येक पेयावर आणि स्पाच्या बिलावर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळे लागते. दहा डॉलरचे सरबत बारा डॉलरला पडते, हे धरूनच पेयांचे पॅकेज घ्यायचे की नाही ते ठरवावे. मद्य न घेणाऱ्या कुटुंबाला ते बहुधा परवडत नाही.

कार्डाच्या हिशेबाकडे वळू. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनातल्या खर्चाला बँका साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ३०० डॉलरचे बिल, दर ९० रुपये: मूळ रक्कम २७,०००. साडेतीन टक्के मार्कअप ९४५ रुपये, त्यावर जीएसटी १७० रुपये. एकूण २८,११५. हा खर्च निदान ठाऊक असतो. न दिसणारा खर्च तो, ज्यात यंत्र विचारते: 'रुपयांत भरायचे की डॉलरमध्ये?' रुपये पाहून माणसाला हायसे वाटते आणि तो रुपयांवर बोट ठेवतो. तिथे दर बँकेचा नसतो, दुकानदाराचे कार्डयंत्र चालवणाऱ्या कंपनीचा असतो, आणि तो चार-पाच टक्के चढा असणे नेहमीचे. पाच टक्के धरले तर तेच बिल २८,३५० होते. एवढ्यावर ते संपत नाही. व्यवहार रुपयांत असला तरी व्यापारी परदेशी असल्याने अनेक बँका त्यावर निराळे शुल्क लावतात. एक टक्का आणि त्यावर जीएसटी धरले तर आणखी ३३४ रुपये, म्हणजे २८,६८४. दुकान, हॉटेल, एटीएम, जहाज, कुठेही हा प्रश्न आला तर तिथल्याच चलनावर बोट ठेवायचे, अपवाद नाही. जहाजावर आणखी एक खाचखळगा आहे. काही कंपन्या हा प्रश्न यंत्रावर विचारत नाहीत. खाते उघडतानाच्या अटींमध्ये 'कार्डाच्या मूळ चलनात रूपांतर करू' अशी ओळ घालून ठेवतात. पहिल्या दिवशी स्वागतकक्षात विचारावे आणि तशी सोय लागू असेल तर ती काढून टाकायला सांगावे. ती काढता येते, पण मागितल्याशिवाय कुणी काढत नाही.

क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात जहाजावरचा खर्च अमेरिकेत झाल्याचे दिसू शकते, कारण व्यापारी म्हणून नोंद कंपनीच्या मुख्यालयाची असते. पेनांगमध्ये असताना मायामीचा व्यवहार दिसला म्हणून घाबरून कार्ड बंद करू नये. आधी रक्कम जहाजाच्या बिलाशी ताडून पाहावी. उलट बाजूने बँकेची यंत्रणाही असा व्यवहार संशयास्पद मानून कार्ड रोखू शकते. त्यासाठी निघण्यापूर्वी बँकेला तारखा आणि देश कळवावेत, आणि वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे, एक व्हिसा व एक मास्टरकार्ड, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. देशांतर्गत रुपे कार्ड जहाजावर चालेल या भरवशावर राहू नये.

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डे परदेशी वापरासाठी बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय वापर' सुरू करावा लागतो, आणि त्यात दुकान, ऑनलाइन, एटीएम व टॅप करून पैसे देणे यांची कळ वेगवेगळी असते. रोजची मर्यादाही तिथेच वाढवावी. हे मुंबईच्या विमानतळावर पोहोचण्यापूर्वी करावे, कारण समुद्रात ओटीपी येत नाही. तुमचा सिंगापूर-मलेशियाचा रोमिंग पॅक समुद्रातल्या जहाजी नेटवर्कला लागू नसतो. फोन चुकून त्या नेटवर्कला जोडला गेला तर मिनिटाला आणि एमबीला जबर आकार पडतो. जहाज बंदर सोडताच फोन विमान मोडवर टाकावा आणि हवे तर जहाजाचे वायफाय घ्यावे. बँक ओटीपी ईमेलवर पाठवत असेल तर ती सोय सुरू करून ठेवावी.

फॉरेक्स कार्ड उपयुक्त आहे, पण त्यात पैसे कोणत्या चलनात भरले यावर सगळे अवलंबून आहे. बहुचलनी कार्डात प्रत्येक चलनाचा वेगळा कप्पा असतो. जहाजाचे बिल अमेरिकी डॉलरमध्ये आणि कार्डात फक्त सिंगापूर डॉलर, असे झाले की बँक एका चलनातून दुसऱ्यात वळवताना पुन्हा शुल्क घेते, बरेचदा क्रेडिट कार्डाच्या मार्कअपइतकेच. मग फॉरेक्स कार्ड घेऊन काय मिळवले? जहाजाचे चलन बुकिंगच्या वेळी विचारून तेवढा कप्पा वेगळा भरावा, सिंगापूरच्या मुक्कामाचा वेगळा. रिंगिटचा कप्पा प्रत्येक बँकेच्या कार्डात नसतो, तो आधी तपासावा. शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी कार्डात पैसे भरायला गेल्यास ते सोमवारी दिसू शकतात, म्हणून अगदी मोजकीच रक्कम भरून निघू नये.

रोख किती आणि कुठे घ्यावी? सिंगापूर डॉलर मुंबई-पुण्यातल्या अधिकृत विनिमयदाराकडे ठीक दरात मिळतो. रिंगिट आणि बाट यांची आपल्याकडे उलाढाल कमी असल्याने खरेदी-विक्रीच्या दरांत अंतर मोठे असते. इथून त्या नोटा नेणे महाग पडते. त्याऐवजी थोडे जास्त सिंगापूर डॉलर न्यावेत आणि जहाजावर चढण्यापूर्वी सिंगापुरात बदलावेत. रॅफल्स प्लेसजवळची द आर्केड इमारत आणि लिटल इंडियातले मुस्तफा सेंटर इथे विनिमयदारांची स्पर्धा आहे आणि रिंगिट-बाटच्या दरांतले अंतर अगदी कमी असते. दोनदा रूपांतर होऊनही ते स्वस्त पडते, हे ऐकून पुष्कळांना पटत नाही. दोन्हीकडचे दर कागदावर मांडून भागाकार केला की पटते. चौघांच्या एका दिवसासाठी, जेवण आणि टॅक्सीपुरते, पेनांगला दोनशे रिंगिट आणि फुकेतला दोन ते तीन हजार बाट पुरेसे होतात. मोठी तिकिटे व खरेदी कार्डाने होते. ग्रॅब ॲपवर कार्ड आधीच जोडून ठेवले तर सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिन्ही ठिकाणी टॅक्सीचे भाडे आधी दिसते. फुकेतमधल्या पातोंगच्या टुकटुक रिक्षाला मात्र रोखच लागते, आणि बसण्यापूर्वी भाडे ठरवावे लागते.

थायलंडमध्ये अमेरिकी डॉलर बदलायचे असतील तर १०० आणि ५० च्या नोटांना चांगला दर मिळतो. २०, १० आणि १ डॉलरच्या नोटांना कमी. फाटलेली, शाईची खूण किंवा शिक्का असलेली, जुन्या छपाईची नोट परत करतात. म्हणून भारतात नोटा घेताना काउंटरवरच एकेक पाहून घ्याव्यात आणि खराब नोट तिथेच बदलून मागावी. थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क घेते, रक्कम हजार असो वा दहा हजार. वर आपल्या बँकेचे शुल्क असतेच. थोडे थोडे काढणे म्हणूनच सर्वांत महाग. नोटा बदलताना पासपोर्ट मागतात, आणि या मार्गावर जहाजाचे कर्मचारी प्रवाशांचे पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेऊ शकतात. छायाप्रत काही खिडक्यांवर चालते, काहींवर नाही. सिंगापुरातच बदल करून घेण्याचे हेही एक कारण. जहाजावरही चलन बदलून मिळते, पण तिथला दर आणि तिथल्या एटीएमचे शुल्क पाहता ती सोय फक्त अडीनडीला वापरावी.

यूपीआय सिंगापुरातल्या काही दुकानांत चालते. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी सुरू करावे लागते. जहाजावर, किंवा मलेशिया-थायलंडच्या बाजारात, त्यावर भिस्त ठेवू नये.

कॅसिनोबद्दल एकच सांगतो. तिथे चिप्स जहाजाच्या खात्यावर घेतल्यास बऱ्याच कंपन्या ३ ते ५ टक्के शुल्क लावतात, आणि क्रेडिट कार्डावर घेतल्यास बँक ती रोख उचल मानून पहिल्या दिवसापासून व्याज लावू शकते.

नियमांचा भाग थोडक्यात. प्रत्येक प्रवाशाला एका सहलीत ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, बाकी कार्डावर. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत. चलन घेताना ५०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते. पुढे धनादेश किंवा खात्यातून. पासपोर्ट, तिकीट आणि पॅन लागतो. जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो: एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, किमान २५० रुपये, हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. म्हणजे एक लाखावर १८० रुपये, ५०,००० वर ९०. काउंटरवर यापेक्षा जास्त 'टॅक्स' सांगितला तर बिलावर त्याची फोड लिहून मागावी. टीसीएसचे, म्हणजे पैसे भरतानाच विक्रेता वसूल करतो त्या आगाऊ प्राप्तिकराचे, पॅकेजसाठी आणि चलनासाठी नियम वेगळे आहेत. चलन घेताना १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत तो लागत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो आणि त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर पावतीवर लिहून घ्यावा. तो खर्च नाही, आगाऊ कर आहे. पण ज्याचा पॅन दिला त्याच्याच नावावर जमा होतो. मुलाने आईवडिलांची सहल बुक केली आणि पॅन वडिलांचा दिला, तर परतावा मिळवण्यासाठी वडिलांना विवरणपत्र भरावे लागेल. निवृत्त माणसांच्या बाबतीत हे वारंवार निसटते.

भूमध्य समुद्रातल्या सहलींना हेच तत्त्व लागू आहे. एमएससी आणि कोस्टा यांच्या जहाजांवर तिथे युरोत हिशेब होतो, अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर त्याच बंदरांत डॉलरमध्ये. युरोचे कार्ड भरून डॉलरच्या जहाजावर चढणारे प्रवासी कमी नाहीत.

परतीच्या दोन गोष्टी. सिंगापुरात १०० सिंगापूर डॉलर किंवा अधिक खरेदीवर जीएसटीचा परतावा पर्यटकाला मिळतो, पण सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझसाठी तो क्रूझ टर्मिनलवर मिळत नाही. चांगी विमानतळावरून निघताना घ्यायचा असतो, आणि तोवर वस्तू व पावत्या हाताशी ठेवाव्या लागतात. उरलेली नाणी कुणी बदलून देत नाही, ती तिथेच खर्चावीत. भारतात परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या सहलीसाठी ठेवता येतात. त्याहून जास्तीच्या नोटा १८० दिवसांत परत विकाव्या लागतात. फॉरेक्स कार्डावर शिल्लक विसरू नये, कारण काही महिने वापर झाला नाही तर काही बँका त्यातून शुल्क कापत राहतात.

सहल कंपन्यांना यातले सगळे ठाऊक असते. जहाज कंपनीकडून त्यांना ते लेखी मिळते. तेव्हा त्यांनी क्रूझच्या प्रत्येक पत्रकाच्या पहिल्या पानावर, केबिनच्या किमतीच्या खालीच, चार गोष्टी छापाव्यात: जहाजावरचे चलन, माणशी रोजची टिप आणि पूर्ण कुटुंबाची तिची बेरीज, खात्यासाठी कोणती कार्डे चालतात व किती रक्कम राखली जाते, आणि पॅकेजवरचा टीसीएस रुपयांत. आपल्या वर्तमानपत्रानेही अशा जाहिराती स्वीकारताना निदान टिपेची रक्कम ठळक छापण्याचा आग्रह धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे